म्हसूची मंडळी

दुसऱ्या गीताचं शेवटचं कडवं चालू होतं आणि बाहेर टांग्याचे घुंगरू वाजले.

कुणी मान वळवली नाही. दर रविवारी ते त्याच सुमाराला वाजायचे. टांगा चिंचेखाली थांबायचा, घोडा एकदा फुरफुरायचा, मग कॅनव्हासचे बूट फरशीवर फट् फट् करत यायचे आणि ताबीबाई मागच्या बाकावर माझ्या शेजारी टेकायची. आमच्यात थट्टाच होती की अख्ख्या मंडळीत वेळेवर येणारा एकच प्राणी, तो म्हणजे म्हसूचा घोडा.

त्या रविवारी घुंगरू वाजले, घोडा फुरफुरला. बूट वाजले नाहीत.

गीत संपलं. अमोलिक पाळकांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले, सगळ्यांनी मिटले. मी मिटले नाहीत. मी तशीही प्रार्थनेत डोळे उघडे ठेवणारी बाई. कोण काय करतंय ते देवाला दिसतं, मग मला दिसलं तर काय बिघडलं? मी दाराकडे बघत होते. दारात म्हसू येऊन उभा राहिला.

इतक्या वर्षांत तो माणूस आमच्या चर्चची पायरी चढला नव्हता. बायकोला उतरवायचं, खिडकीखालच्या भिंतीला पाठ लावून बसायचं, उपासना संपली की तिला हात देऊन टांग्यात चढवायचं, एवढंच त्याचं काम. आज वहाणा हातात होत्या. मुंडासं सुटून खांद्यावर आलं होतं.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "आणलंय तिला."

प्रार्थना मध्येच तुटली. पाळकांनी डोळे किलकिले केले. "मग आत पाठवा की, म्हसूभाऊ."

"आता ती चालत येत न्हाई, साहेब. पहाटंच गेली."

बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मी तिथं हात ठेवला, कशासाठी ते मला अजून सांगता येत नाही.

त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. त्यातली बरीच माणसं मातीआड गेली, म्हणून नावानिशी लिहिते. जी आहेत त्यांना राग आला तर येऊ द्या. मी मार्था घाटविसावे. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात भाकरी थापायचे. मंडळीत मला 'तोंडाळ मार्था' म्हणत आणि ते काही खोटं नव्हतं.

ताबीबाईचं खरं नाव तबिथा. आमच्याच मंडळीत तिचा बाप्तिस्मा झाला आणि लग्नही इथंच. नवरा प्रभाकर, मिशन शाळेतला शिक्षक, गळा गोड, गायकमंडळात पुढं उभा राहणारा. एक मुलगी झाली, सुवार्ता नावाची. वर्षाची व्हायच्या आत तापानं गेली. आमच्या कब्रस्तानात कडूनिंबाखाली तिची वीतभर कबर होती. पुढं एक दिवस प्रभाकर ट्रंक घेऊन नागपूरला गेला तो गेलाच. का गेला? त्याचे थोरले भाऊ शांतवन मास्तर, म्हणजे आमच्या कमिटीचे अध्यक्ष, मान खाली घालून एवढंच म्हणत, "घरची गोष्ट आहे. बाईचं वागणं बरोबर नव्हतं." मास्तरांनी मान खाली घातली की लोक समजून घेत. समजून घेण्यात आमची मंडळी फार हुशार.

बाई एकटी पडली. ख्रिस्ती लग्न, काडीमोड मिळेना. तिचे पाय अधू झाले. सांधेवात असावा असं आम्ही धरून चाललो होतो. मिशनच्या दवाखान्यात तिला जाता-येता म्हसूचा टांगा लागायचा. काही दिवसांनी ती म्हसूच्याच घरी राहायला गेली. म्हसू बिनलग्नाचा, बिनशिक्षणाचा, आमच्या धर्माचा नाही. कमिटी बसली, ठराव झाला आणि तबिथाबाईचं नाव मंडळीतून कमी झालं.

पळून गेलेल्या नवऱ्याचं नाव मात्र कमी झालं नाही. दर नाताळाला त्याचं नागपूरहून भेटकार्ड यायचं आणि मास्तर ते चर्चमध्ये मोठ्यानं वाचायचे, "आमचे बंधू प्रभाकरराव यांचा मंडळीला सलाम." मागच्या बाकावर ताबीबाई ऐकत असायची. एकदा मी म्हणाले, "अगं, उठून जा की बाहेर." ती म्हणाली, "कशाला? चांगलं वाचतात मास्तर."

प्रभुभोजनाचं तबक तिच्या पुढून जायचं, थांबायचं नाही. भाकरीचा तुकडा नाही, द्राक्षरसाचा घोट नाही. तरी ती यायची. बूट फटफटत यायची.

"सगळ्यांनी जागेवर बसावं," मास्तर उठून उभे राहत म्हणाले. पुढच्या बाकावर त्यांची ठरलेली जागा. कोटाच्या खिशात कब्रस्तानाच्या फाटकाची किल्ली, ती ते घरीसुद्धा काढून ठेवत नसत म्हणे. "म्हसू, झालं ते वाईट झालं. पण तिला इथं का आणलंस?"

"मातीला," म्हसू म्हणाला. "लेकराशेजारी. लिंबाखाली. तिनं सांगून ठिवलं व्हतं आन् म्या हो म्हनलं व्हतं."

"तू हो म्हणून काय उपयोग? आमच्या कब्रस्तानात मंडळीतल्याच माणसाला जागा मिळते. नियम आहे तसा."

"मग झालं की," म्हसूनं सुटकेचा श्वास टाकला. "मंडळीच हाये."

"नाही. ती मंडळी नाही."

म्हसूला ते लागलं. चेहऱ्यावर दिसलं. "मास्तर, आसं कसं बोलता? मंडळी न्हाई, मग कोन हाये?"

"कमिटीनं ठराव करून तिला मंडळीतून कमी केलंय. तेही तुझ्याच पायी."

"तुमी कोन कमी करनार?" आता म्हसूचा आवाज चढला. "मंडळी माझी!"

"तुझी?" मास्तरांना हसू आलं. त्या हसण्याची मला अजून चीड आहे. "अरे वेड्या, मंडळी ख्रिस्ताची आहे!"

म्हसूचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो एक पाऊल आत आला. हातातल्या वहाणा त्यानं छातीशी धरल्या.

"मास्तर, ती बाहेर टांग्यात मरून पडलीय. तिच्याबद्दल आसलं वंगाळ बोलू नगा. ती माझी मंडळी. तुमच्या देवाची मंडळी येगळी. तिच्याकडं म्या कवा वाकड्या नजरेनं बघितलं न्हाई आन् तुमच्या देवानं माझ्या मंडळीकडं बघितलं न्हाई. आमी दोघं आपापल्या जागी हाओत."

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दोघं-तिघं हसले. बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगते. आमच्यात मंडळी म्हणजे चर्चची सभासद माणसं, सगळी मिळून. हे आमच्या तोंडात इतकं बसलंय की खेड्यापाड्यात भला माणूस बायकोचं नाव न घेता 'आमची मंडळी' म्हणतो, हे आम्ही विसरून गेलो होतो. म्हसू विसरला नव्हता. त्याला दुसरा अर्थ ठाऊक नव्हता असं नाही. जमलेल्या लोकांनाही मंडळी म्हणतात, हे टांगेवाल्याला काय सांगायचं? पण ख्रिस्तानं मंडळीवर प्रेम केलं, मंडळीसाठी जीव दिला, डाग-सुरकुती जावी म्हणून तिला पाण्यानं धुतलं, असं बायबलातलं वचन खिडकीतून कानावर आल्यावर त्याच्या डोक्यात एकच मंडळी आली. दुसरी यायला जागाच नव्हती.

"हसू नका!" अमोलिक पाळक ओरडले.

मी दचकले. तो पोरगेला पाळक, नुकताच शिकून आलेला, आमची मंडळी त्याची पहिलीच. मास्तर खोकले तरी प्रवचन आवरतं घ्यायचा. तो व्यासपीठावरून खाली उतरला, मधल्या वाटेनं चालत म्हसूपुढं जाऊन उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "म्हसूभाऊ, आमच्या देवाची मंडळी... तुम्हाला काय ठाऊक आहे तिच्याबद्दल?"

"लई न्हाई," म्हसू संकोचला. "भिताडाआडून पडंल तेवढं. घोडं मधीच फुरफुरतं, मग काही सुटतं बी."

"सुटलं नाही ते सांगा."

"पाळक, ही काय वेळ आहे का?" मास्तर म्हणाले.

"बसा, मास्तर," पाळक त्यांच्याकडे न बघता म्हणाले.

मास्तर बसले. मी माझ्या उभ्या आयुष्यात एवढं मोठं आश्चर्य पाहिलं नव्हतं. पण ते काहीच नव्हतं, हे पुढं कळलं.

म्हसूनं वहाणा खाली ठेवल्या. खांद्यावरच्या मुंडाशाला हात पुसले, जसे काही हात मळके असताना ती गोष्ट सांगायची नव्हती.

"तुमचा देव मंडळीवाला हाये, एवढं कळलं," तो म्हणाला. "बाकी देवांच्या बायका देवळात त्यांच्या शेजारी उभ्या ऱ्हातात, दागिनं घालून. ह्याची तशी न्हाई. हिच्या अंगावर डाग व्हते. सुरकुत्या व्हत्या. चार लोकं म्हनली आसतील, टाकून दे, दुसरी कर. ह्यानं टाकली न्हाई. म्हनला, हीच माझी. सोता पाण्यानं धुतली. तिच्यापायी जीव दिला. खरं ना, साहेब?"

"खरं," पाळक म्हणाले.

"पहिल्यांदी ऐकलं तवा म्या टांग्यात जाऊन बसलो आन् रडलो. लई रडलो. घोडं माझ्याकडं बघाया लागलं. म्हनलं, बघ म्हसू, देवाच्या मंडळीलाबी हाच रोग निघाला."

"पुरे!" मास्तर ताडकन उठले. "पुरे झालं! पाळक, याला बाहेर काढा!"

"कुठला रोग, म्हसूभाऊ?" हे मी विचारलं. मागच्या बाकावरून, मोठ्यानं. तोंडाळ मार्था उगाच नाही म्हणत.

म्हसूनं माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं होतं आम्हाला माहीत असणार. वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्या बाईला तरी माहीत असणार.

"महारोग, मार्थाबाय," तो म्हणाला. "पायाला व्हता. औषिदानं कवाच बरा झाला, डागदर म्हनले आता कुनाला लागत न्हाई. पन पायाचं मास मेलं. काटा मोडला तरी कळायचं न्हाई, निखारा पडला तरी कळायचं न्हाई. मग जखम. म्हनून ते बूट. म्हनून टांगा. डागदर म्हनले, रोज धुवा, बघा, तेल लावा, पट्टी बांधा. एक दिस चुकायचा न्हाई. तिला वाकता यायचं न्हाई, मग म्याच करायचो. दिवेलागणीला घमेल्यात पाय घ्यायचे आन् धुवायचे. तुमच्या देवाचं एका धुन्यात भागलं आसंल, साहेब. तो देव हाये. म्या आपला मानूस. मला रोज धुवावं लागायचं."

पुढच्या बाकांवरच्या दोघी पदर तोंडाला लावून जरा सरकल्या. माणूस असा असतो. रोग बाहेर टांग्यात, तोही बरा झालेला, तोही मेलेल्या बाईच्या अंगावर, आणि ह्या आत सरकतात.

"डाग काय गेले न्हाईत," म्हसू म्हणाला. "पन म्या धुवायचं सोडलं न्हाई. सकाळीबी धुवूनच आणलंय. तुमच्या दारात आणायचं म्हनल्यावर..."

आणि तेव्हा अनुग्रहाबाई उठल्या.

अनुग्रहाबाई म्हणजे मास्तरांची बायको. आम्ही त्यांना मास्तरीणबाई म्हणायचो. चर्चमध्ये गीत सोडून दुसरा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. त्यांनी पदर खोचला. नवऱ्याकडे वळल्या आणि हात पुढं केला.

"किल्ली द्या."

"अहो, खाली बसा," मास्तर पुटपुटले. "लोक बघतायत."

"बघू द्या. मी नांदायला आले त्याच वर्षी ताबी आली. आम्ही एका चुलीवर स्वैपाक केलाय. तिच्या पोटरीवरचा डाग आधी मी बघितला, तव्यावर भाकरी टाकताना. मीच दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी रोगाचं नाव घेतलं ते मी घरी येऊन सांगितलं. त्याच आठवड्यात भाऊजींनी ट्रंक भरली. तुम्ही त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला गेलात. परत आलात आणि मला म्हणालात, घराची अब्रू आहे, तोंड उघडू नको. मी नाही उघडलं. म्हणालात, बाईचं वागणं बरोबर नव्हतं असं सांगू. तुम्ही सांगितलंत. मी तिथंच बसले होते. आता किल्ली द्या."

मास्तरांनी कोटाच्या खिशात हात घातला. हात तिथंच राहिला. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना खरंच कळत नव्हतं की खिशातून काय बाहेर काढायचं. आपल्याच माणसाचं असं ऐकून घ्यायची वेळ वैऱ्यावर येऊ नये, असं लोक म्हणतात. मी म्हणते, यावी. लवकर यावी.

किल्ली फरशीवर पडली. अनुग्रहाबाईंनी ती उचलली, पदराच्या गाठीला बांधली आणि मधल्या वाटेनं सरळ दाराबाहेर गेल्या. त्यांच्या मागून मी. मग एकेक करून सगळ्या बायका. त्या तोंडाला पदर लावलेल्या दोघीसुद्धा, सगळ्यात शेवटी, पण आल्या.

टांगा चिंचेखाली उभा होता. मागच्या बैठकीच्या फळ्यांवर गोधडी अंथरून ताबीबाईला निजवलं होतं, अंगावर पांढरी धुवट चादर, आणि पायाशी ते कॅनव्हासचे बूट नीट जोडीनं ठेवलेले. घोड्यानं मान वळवून आमच्याकडे बघितलं. माश्या बसू नयेत म्हणून म्हसूनं कडूनिंबाची डहाळी चादरीवर ठेवली होती.

अनुग्रहाबाईंनी पायाकडची चादर वर केली.

मी काय बघितलं ते जसंच्या तसं सांगते. उजव्या पायाला दोन बोटं नव्हती. तिथं कापसाचे बोळे ठेवून वर पट्टी बांधलेली, इतकी सारखी, की दवाखान्यातली नर्सही बांधणार नाही. नखं कापलेली. टाचा मऊ, भेगांमधून तेल चमकत होतं. घोट्यावर जुना डाग होता, पिवळट. त्याच्या कडेनंही बोट फिरवून तेल लावल्याचं दिसत होतं. मी भल्याभल्यांचे पाय पाहिलेत. नव्या नवरीचे, हळदीचे, बाळंतिणींचे, माझे स्वतःचे. असे जपलेले पाय मी कुणाचे पाहिले नाहीत.

अनुग्रहाबाई वाकल्या. मला वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी त्या पायांवर दोन्ही हात ठेवले आणि तशाच उभ्या राहिल्या. चिंचेवर कावळे ओरडत होते ते, देवाशपथ, मला ऐकू येईनासे झाले. आत पाळक, म्हसू, पुरुष, सगळे दारात गर्दी करून उभे होते आणि कुणाचीही पाऊल पुढं टाकायची छाती होत नव्हती. भीती रोगाची नव्हती आता. मोशेनं जळतं झुडूप पाहिलं तेव्हा ही जागा पवित्र आहे, पायातलं काढून ठेव असं देवानं त्याला सांगितलं, ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी पाहिलं तर मंडळीतल्या बायका टांग्याभोवती चपला काढून उभ्या होत्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मी खाली बघितलं तर माझ्याही पायात चप्पल नव्हती.

"न्यायचं कशावर?" कुणीतरी पुरुषांतून विचारलं. पेटी करायला सुतार नव्हता, ऊन चढत चाललं होतं.

"बाक आणा," मी म्हणाले. "मागचा. आमचा."

चौघांनी तो बाक उचलून आणला. त्याच्या पाठीला आम्हा दोघींच्या टेकण्यानं गुळगुळीत झालेली जागा होती. त्यावर तिला निजवलं. म्हसू पुढं झाला, पण पाळक म्हणाले, "तुम्ही नाही, म्हसूभाऊ. तुम्ही इतकी वर्षं आणलीत. आता आम्ही नेतो." आणि पांढरा झगा काढून दुसऱ्याच्या हातात देत त्यांनी स्वतः बाकाचा पुढचा पाय उचलला. ज्यांनी ठरावाला हात वर केले होते त्यातल्या दोघांचे खांदे बाकाखाली होते. मी ते बघून ठेवलं. बघून ठेवायची माझी सवयच आहे.

फाटक अनुग्रहाबाईंनी उघडलं. लिंबाखालची जमीन म्हणजे निव्वळ मुरूम, चैत्रातल्या उन्हानं भाजलेला. पहार मारली की ठिणगी उडे. माणसं पाळीपाळीनं खणत होती. पाळकांच्या तळहाताला फोड आले तरी ते पहार सोडीनात. आम्ही बायका पाट्यांनी मुरूम वर ओढत होतो. लेकराच्या कबरीला धक्का लागू नये म्हणून अनुग्रहाबाई तिच्यावर हात पसरून बसल्या होत्या.

मास्तर आले नाहीत. खोटं कशाला लिहू? ते चर्चमध्येच पुढच्या बाकावर बसून राहिले. माणूस बदलतो असं प्रवचनात म्हणतात. काही बदलतात, काही बसून राहतात.

खड्डा झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की म्हसू दिसत नाही. बघितलं तर तो कब्रस्तानाच्या भिंतीपलीकडं उभा, टांग्याशेजारी, सवयीनं. आत काय चाललंय ते भिंतीआडून ऐकत.

"अहो म्हसूभाऊ!" मी ओरडले. "तिकडं काय करताय? आत या!"

"चालंल, मार्थाबाय, हितनं ऐकू येतंय!"

"ऐकायचं नाही आज! मंडळी तुमची, माती तुम्ही द्यायची!"

तो आत आला. पाळकांनी शास्त्रातलं वाचलं, प्रार्थना केली. म्हसूनं पहिली मूठ टाकली, मग अनुग्रहाबाईंनी, मग आम्ही. ती आपल्या लेकराशेजारी निजली, मध्ये हातभर जागा ठेवून. म्हसूनं कॅनव्हासचे बूट हातात धरले होते. ते आत ठेवायचे की नाही हे त्याला ठरवता येईना. शेवटी ते त्यानं तसेच काखेत मारले.

सगळे दमून उभे होते. हातापायाला मुरूम, कपडे घामानं चिकटलेले, कुणाच्या डोक्यावर पदर नाही, कुणाच्या पायात चप्पल नाही. जायला कुणी निघेना. आमच्यातला एक तरुण म्हसूजवळ सरकला आणि जरा शहाणपणानं म्हणाला, "म्हसूमामा, तुमचा एक घोटाळा झालाय बरं का. मंडळी म्हणजे आमच्यात..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. नीट दाबून दिला. तो गप्प झाला. तो घोटाळा त्यानंतर कुणीही म्हसूला समजावून सांगितला नाही, तो मरेपर्यंत.

म्हसू मात्र विचारात पडला होता. तो पाळकांकडे वळला.

"साहेब, एक इचारू का? लई दिस मनात हाये. तुमच्या देवानं मंडळीपायी जीव दिला. तो गेला. पन मग ती मागं ऱ्हायली आसंल ना? डाग-बिग घिऊन, एकली. तिचं काय झालं पुढं? तिला कुनी बघितलं का?"

अमोलिक पाळक शिकलेले. देवविद्येची पदवी घेतलेली. पण त्यांनी आमच्याकडे बघितलं. एकेकाकडे. फोड आलेले हात, मुरमानं भरलेली नखं, बाकाखाली दबून लाल झालेले खांदे, पदराला किल्ली बांधलेल्या अनुग्रहाबाई.

"आहे ती, म्हसूभाऊ," ते म्हणाले. "अजून आहे."

"व्हय?" म्हसूचे डोळे मोठे झाले. "कशी हाये?"

"आज बरी आहे."

म्हसूनं मान हलवली. आजारी माणसाच्या घरच्याला दुसऱ्या आजारी माणसाच्या घरच्यानं द्यावा तसा त्यानं पाळकांच्या दंडाला हात लावून धीर दिला. मग टांग्याकडे चालता चालता तो थांबला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"तिचे पाय रोज धूत जावा. आज बरं दिसतंय म्हनून सोडू नगा. एक दिस चुकला की पुन्हा चिघळतंय."